माशाची तडफड मोजताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मासा आणि पाणी ही जोडी कवींच्या फार आवडीची. मराठी संतांनी ती वापरली, फारसी सूफींनी वापरली, उर्दू शायरांनी तर वापरून वापरून गुळगुळीत केली. पाण्याबाहेर काढलेला मासा म्हणजे विरहात होरपळणारा जीव. माझ्या पहिल्या संग्रहात मीही हा मासा दोनदा तरी तडफडवला आहे. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती. या सगळ्या कवितांत तडफड माशाची असते आणि दुःख आमचं असतं. खुद्द माशाला काय होतं, पाण्याबाहेर येण्याआधी पाण्यातच त्याला काही सोसावं लागतं का, हे आम्ही कधी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांची हकिगत आज सांगायची आहे.

पण आधी माझी एक फजिती.

माझ्या एका बालमित्राचं शेततळं आहे. त्यात तो रोहू, कटला, मृगळ वाढवतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. तीन दिवस आभाळ गच्च भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. पहाटे उजाडता उजाडता मी तळ्यावर गेलो, तर पाण्यावर शेकडो तोंडं. मासे तोंड वर काढून उघडझाप करत होते आणि पाऊस नसतानाही पाण्यावर थेंब पडल्यासारखी वर्तुळं उमटत होती. मी काठावर बसून पाहत राहिलो. खोटं कशाला बोलू, एक ओळही सुचली. इतक्यात मागून मित्र आला, पाण्याकडे नुसती नजर टाकली आणि पंपाच्या खोलीकडे धावत सुटला. जाता जाता ओरडला, ‘शायर, खेळत नाहीत ते. दम कोंडलाय त्यांचा!’ (मी मराठीत लिहितो, तरी तो मला शायरच म्हणतो.)

ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ पुरेसा प्राणवायू सोडत नाही. रात्री तर तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. म्हणून पहाटे तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवस लागोपाठ आले, तर मासे वर येऊन पृष्ठभागाजवळचं पाणी गिळायला लागतात. त्या दिवशी पंप चालवून, पाणी उडवून मित्रानं बरेच मासे वाचवले. तरी दहा वाजेपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागलीच.

मला जे सुंदर दिसलं, ते त्यानं एका नजरेत ओळखलं. ही ओळख माणसाला कधी आणि कशी आली?

शास्त्राच्या आधी ती पोटापाण्याच्या गरजेतून आली. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या नदीत पुराच्या दिवसांत अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. त्यामुळे एकेकाळी मत्स्यबीज नदीतून गोळा करूनच आणावं लागे. बंगाल हे या व्यापाराचं मोठं केंद्र. मातीच्या किंवा ॲल्युमिनियमच्या हंड्यांत पाणी भरून त्यात हे इवलेसे जीव घालायचे आणि रेल्वेनं दूरदूर न्यायचे. सोबत जाणारा माणूस हंडीच्या तोंडाशी बसून हातानं पाणी सतत हलवत, थापटत राही. हात थांबला की आतले जीव गुदमरले. निघण्याआधी काही तास या पिल्लांना कापडाच्या झोळीत दाटीनं, उपाशी ठेवत. पोट रिकामं झालं की वाटेत पाणी घाण होत नाही, आणि दाटीची थोडी सवयही होते. त्या माणसांनी ‘ताण’ हा शब्द उच्चारला नसेल, पण माशावर प्रवासाचा भार येतो, तो आधी तयारी करून हलका करता येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी, डॉ. के. एच. अलीकुन्ही यांच्या साथीनं, माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या नदीतल्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. आजही १० जुलै हा आपल्याकडे मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून साजरा होतो. माझ्या मित्राच्या तळ्यातले मासे या शोधाचेच वारस. योगायोग असा की, ज्या ग्रंथीनं आपल्या तळ्यांना बीज दिलं, तिच्यातूनच माशाच्या शरीरात संकटाचा हुकूमही सुटतो. त्यासाठी थोडं मागं, १९३६ सालात जावं लागेल.

त्या वर्षी जुलैमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हान्स सेल्ये नावाच्या एकोणतीस वर्षांच्या संशोधकाचं एक छोटं पत्र छापून आलं. ते कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात उंदरांवर काम करत होते. त्यांना दिसलं की उंदराला विषारी द्रव्य टोचा, थंडीत ठेवा की दमवा, शरीरातली उलथापालथ सारखीच होते. मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी फुगते, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. शत्रू वेगवेगळे असले तरी लढाईची रीत एकच. पुढं याला सेल्ये यांनीच ‘स्ट्रेस’ हा शब्द रूढ केला. तो मूळचा इंजिनिअरांचा शब्द, तुळई आणि लोखंडाच्या कांबीवर पडणाऱ्या भाराचा. आपण त्याला ‘ताण’ म्हणालो. मला आपला शब्द अधिक आवडतो. त्यात दोरी दिसते, आणि ती कुठवर ताणली जाईल ही धास्तीही.

आता माशाला मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अशी वेगळी ग्रंथी नसते. तिचं काम करणाऱ्या पेशी त्याच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या, डोक्याकडच्या भागात विखुरलेल्या असतात. मेंदूनं धोका ओळखला की पीयूषिकेला निरोप जातो, ती या पेशींना हुकूम देते आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरतं. हे द्रव्य तेच, जे तुमच्याआमच्या रक्तातही परीक्षेच्या किंवा कोर्टाच्या तारखेच्या दिवशी चढतं.

माशाच्या ताणाच्या इतिहासात मला सर्वांत ओढ वाटते ती ऑस्वाल्ड रॉबर्टसन या डॉक्टरांची. पहिल्या महायुद्धात १९१७ साली फ्रान्समधल्या आघाडीवर या अमेरिकन डॉक्टरांनी रक्त आधीच काढून, बाटल्यांत बर्फावर साठवून, जखमी सैनिकांना दिलं. आजच्या रक्तपेढीची ही सुरुवात. पुढं त्यांनी शिकागोत अध्यापन केलं आणि निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियात येऊन सामन माशांचा अभ्यास हाती घेतला. माणसाच्या रक्तासाठी उमेद घालवलेला हा गृहस्थ म्हातारपणी माशाच्या रक्ताकडे वळला.

प्रशांत महासागरातला सामन समुद्रातून आपल्या जन्माच्या नदीत परततो. वाटेत काही खात नाही, प्रवाहाविरुद्ध चढतो, अंडी घालतो आणि काही दिवसांत मरतो. हे मरण दमण्यानं येतं, असं सगळे समजत. रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, तर माशाच्या त्या विखुरलेल्या पेशी बेसुमार वाढलेल्या होत्या आणि रक्तात कॉर्टिसॉलचा पूर आला होता. माणसाला कुशिंगचा विकार झाला की शरीराची जी झीज होते, तशीच या माशांची झाली होती. त्यांनी कोकनी जातीच्या काही सामनांची प्रजननग्रंथी लहानपणीच काढून टाकली. ते नदीत अंडी घालायला गेले नाहीत, आणि ज्यांनी चौथ्या वर्षाच्या सुमारास मरायचं, त्यांतले काही त्याच्या दुप्पट वयापर्यंत जगले. उलट, तरुण ट्राउट माशांना हेच द्रव्य देत राहिल्यावर त्यांच्यातही तशीच झीज दिसली. ताण ही केवळ मनाची अवस्था नाही, तो शरीराला आतून खाऊन टाकू शकतो, हे माशांच्या बाबतीत इथं स्पष्ट झालं. हे काम १९५० आणि ६० च्या दशकांतलं. त्या वेळी ते मत्स्यशेतीसाठी कुणी केलेलं नव्हतं.

ती गरज लवकरच आली. १९७० साली नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रेन्टव्हेट बंधूंनी सामनाची पिल्लं समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यात सोडली आणि तिथून आधुनिक सामनशेतीची घोडदौड सुरू झाली. हजारो मैल हिंडणारा मासा एका जाळ्याच्या पिशवीत गोल गोल फिरू लागला. दाटी आली, रोग आले. एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात हलवणं, निवड करणं, लस टोचणं ही हाताळणी आली. मासे मरायला लागले की नुकसान मालकाचं. तेव्हा ताण मोजण्याची पहिली निकड करुणेतून आली नव्हती, हिशेबातून आली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९८१ मध्ये इंग्लंडातल्या विंडरमिअर सरोवराकाठी काम करणाऱ्या पिकरिंग यांनी ‘स्ट्रेस अँड फिश’ हा ग्रंथ संपादित केला, आणि हा विषय स्वतःच्या पायावर उभा राहिला.

इथं एक गमतीची अडचण आली. माशाचं कॉर्टिसॉल मोजायचं तर रक्त हवं. रक्त हवं तर मासा पकडायला हवा. आणि पकडणं हाच माशाच्या लेखी सर्वांत मोठा प्रलय! जाळं टाकल्यावर काही मिनिटांत कॉर्टिसॉल चढू लागतं आणि तास-अर्ध्या तासात कळस गाठतं. अर्धं मिनिट पाण्याबाहेर धरलेल्या ट्राउटच्या रक्तात ते कित्येक पटींनी वाढलेलं सापडतं. म्हणजे आपण मोजतो तो तळ्यातला ताण की आपल्याच हाताचा? पोलीस ठाण्यात बोलावून ‘घाबरलास का?’ असं विचारण्यासारखंच हे.

दुसरी अडचण याहून अवघड. सततच्या त्रासात काही काळानं कॉर्टिसॉल पुन्हा खाली येऊ शकतं. शरीर ओरडून ओरडून गप्प बसतं. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून मासा सुखी, असं म्हणता येत नाही.

पहिल्या अडचणीवर तोड निघाली ती पाण्यातूनच. कॉर्टिसॉल माशाच्या कल्ल्यांतून आपोआप बाहेर झिरपतं. तेव्हा माशाला हात न लावता टाकीतलं पाणी घ्यायचं आणि त्यातलं कॉर्टिसॉल मोजायचं. इंग्लंडमधल्या स्कॉट आणि एलिस यांनी २००७ मध्ये या पद्धतीचा साकल्यानं आढावा घेतला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. पाण्यात माशाचे अश्रू दिसत नाहीत, असं आम्ही इतकी वर्षं लिहीत होतो, आणि कुणी तरी ते पाणी बाटलीत भरून तपासायलाही लागलं होतं.

कल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. कल्ले हे माशाचं फुप्फुस, पण शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळण्यातही त्यांचा मोठा वाटा असतो. घाबरलेला मासा जास्त प्राणवायूसाठी कल्ल्यांकडे रक्त वळवतो. मग गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात कल्ल्यांवाटे पाणी घुसतं आणि क्षार बाहेर पडतात. म्हणून प्रवासात मासे धडपणे पोचतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळ्यात मरतात. विकत घेणाऱ्याला वाटतं बीज खराब निघालं. वाहतुकीच्या पाण्यात थोडं मीठ टाकावं असा सल्ला देतात तो याचसाठी. माझा मित्र ते टाकतो. कारण विचारलं तर म्हणतो, ‘वडील टाकायचे.’

इतकं सगळं झालं तरी एक प्रश्न उरतोच. शरीरावर ताण येणं वेगळं आणि दुखणं वेगळं. माशाला दुखतं का?

मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी माशांवरही मोठं काम केलं होतं. मासे बहिरे असतात असा समज असताना त्यांनी १९२३ मध्ये शिटी वाजवल्यावर येणारा एक छोटा मार्जारमीन दाखवला. १९३८ मध्ये त्यांनी लिहिलं की मिनो जातीचा एक मासा जखमी झाला, तर त्याच्या कातडीतून पाण्यात असं काही मिसळतं की सगळा थवा भेदरून पळतो. मासा मुका आहे असं आपण म्हणतो, पण त्याची किंकाळी कानानं ऐकायची नसते इतकंच.

वेदनेच्या प्रश्नाला थेट हात घातला तो २००३ मध्ये. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी ट्राउटच्या चेहऱ्यावर वेदना टिपणारे मज्जातंतू शोधून काढले. मग काही माशांच्या ओठात मधमाशीचं विष किंवा सौम्य ॲसिड टोचलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. विष आणि ॲसिड मिळालेल्यांचा श्वास वाढला, ते तळाशी डुलत राहिले, ॲसिड टोचलेले तर ओठ वाळूवर घासू लागले. जवळजवळ तीन तास त्यांनी खाण्याला तोंड लावलं नाही. मिठाचं पाणी टोचलेले साधारण निम्म्या वेळात खायला आले. अमेरिकेतले जेम्स रोझ यांनी याच सुमारास उलट बाजू मांडली. माणसाला वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या थरामुळे होते, तो माशाकडे नाहीच, तेव्हा ही नुसती प्रतिक्रिया आहे, असं त्यांचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर, जो ओठ घासतो आणि भूक लागूनही खात नाही, त्याच्याकडे आपल्यासारखा मेंदू नाही म्हणून आपण निश्चिंत व्हावं, हे मला पटत नाही. पक्ष्यांचा मेंदूही आपल्यासारखा नाही.

कायद्यानं मात्र मासा फार उशिरा पाहिला. रुथ हॅरिसन यांच्या १९६४ च्या ‘ॲनिमल मशीन्स’ या पुस्तकानंतर ब्रिटिश सरकारनं ब्रॅम्बेल समिती नेमली. १९६५ च्या तिच्या अहवालात जनावराला उभं राहता यावं, आडवं पडता यावं, वळता यावं, अंग चाटूनपुसून घेता यावं, हातपाय ताणता यावेत, असं म्हटलं होतं. यातलं मासा काय करणार? १९७९ मध्ये तिथल्या शेतपशू कल्याण परिषदेनं प्राण्यांच्या ‘पाच मोकळिकी’ सांगितल्या, भुकेपासून, वेदनेपासून, भीतीपासून वगैरे, आणि त्याच परिषदेचा माशांविषयीचा स्वतंत्र अहवाल आला तो १९९६ मध्ये. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव, अशी व्याख्या आहे. कागदावर मासा त्यात आहेच. बाजारात घमेल्यातल्या बोटभर पाण्यात वळवळणाऱ्या मरळीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

धर्माकडेही पाहावं लागतं. आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं आहे की सुरी धारदार हवी, जनावराच्या डोळ्यांदेखत धार लावू नये, एकासमोर दुसऱ्याला कापू नये. या दयेचे नियम मी अभिमानानं सांगत आलो. मासा मात्र जबह न करताच हलाल. ती पाण्याकाठच्या आणि प्रवासातल्या माणसासाठी मोठी सवलत होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या सवलतीमुळे, माशाचा जीव जाताना त्याला किती वेळ लागतो, हा विचार मात्र आमच्या दस्तरखानापर्यंत कधी पोचला नाही.

आज मोजमापाच्या रीती बऱ्याच पुढं गेल्या आहेत. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सामनासाठी एक निर्देशांकच मांडला. त्यात रक्त काढण्यापेक्षा पिंजऱ्याशी उभं राहून दिसणाऱ्या गोष्टींना महत्त्व आहे. मासे खायला कसे झेपावतात, कल्ले किती वेगानं हलतात, पर झिजलेत का, कातडीवर जखमा आहेत का, थवा कोणत्या खोलीवर पोहतो. पण मोजता येणं म्हणजे थांबवता येणं नव्हे. सामनाला लागणाऱ्या समुद्री उवा काढण्यासाठी त्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास कोमट पाण्यातून काढतात. थंड समुद्राची सवय असलेल्या माशाला ते पाणी भाजतं, तो टाकीत डोकं आपटत सुटतो. २०२३ मध्ये नॉर्वेच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत सहा कोटींहून अधिक सामन काढणीआधीच मेले, शेकड्याला सोळा-सतरा. ज्या देशानं माशाचा ताण सर्वांत बारकाईनं मोजला, तिथला हा आकडा.

आणि आपण? मत्स्यशेतीत भारत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. जगभरातही २०२२ मध्ये शेतीतल्या जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच पकडून आणलेल्यांच्या पुढं गेलं. पण माशाच्या ताणाविषयी जे लिहिलं गेलं, त्यातला मोठा भाग सामन आणि ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांचा. आपल्या कोमट, हिरव्या पाण्यातल्या रोहूची, उजनीच्या चिलापीची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कोणती दाटी सोसते, कोणती नाही, हे त्या पुस्तकांतून जसंच्या तसं उचलता येणार नाही.

माझा मित्र आता पावसाळ्यात साडेतीनला उठतो. बॅटरी घेऊन तळ्याला एक फेरी मारतो. खाद्य टाकलं की घड्याळ लावून पाहतो, किती वेळात संपतं ते. वेळ वाढला की दुसऱ्या दिवशी खाद्य कमी आणि पंप लवकर. वहीत तारखेपुढं आकडे लिहून ठेवतो. गेल्या श्रावणात आभाळ भरून आलं तेव्हा मी त्याला मुद्दाम पहाटे फोन केला. ‘मासे कसे आहेत?’ पलीकडून पंपाचा आवाज येत होता. ‘खाली आहेत,’ तो म्हणाला. ‘झोप तू.’